आधी दराची वही, मग कूपन

एका मोठ्या दुकानात पिवळ्या पाटीवर कानडीत लिहिलं होतं, ‘ओंदु कोंडरे ओंदु उचित’. माझ्या मोठ्या जाऊबाई कानडी अक्षरं लावून लावून वाचतात. त्यांनी शेवटचा शब्द तेवढा वाचला आणि म्हणाल्या, “उचित दर म्हणे. म्हंजे रोजचाच दर की!” आणि पुढे गेल्या. कानडीत ‘उचित’ म्हणजे फुकट. एक घेतलं की एक फुकट, असं ती पाटी सांगत होती. आम्हाला ते कळलं बिलाच्या रांगेत, पुढच्या बाईंच्या टोपलीत प्रत्येक डबा जोडीने बघून.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात कूपन लावून खरेदी करायची तर ही पहिली अडचण. पाटी कानडीत, ॲप इंग्रजीत, काउंटरवरचा मुलगा तिन्ही भाषा मिसळून बोलणारा आणि आपली यादी मराठीत. अर्धी सूट वाचण्यातच हुकते. उरलेली हिशेबात हुकते. गेली चार वर्षं मी पाच माणसांच्या घराचं वाणसामान कुपनं बघून आणते. बेळगावच्या शहापुरात घर, ह्यांची नोकरी उद्यमबागेत, सासूबाईंना चहा दिवसातून चार वेळा. पहिल्या सहा महिन्यांत माझा खर्च कमी झाला नाही, उलट वाढला. आज नव्याने सुरुवात करायची असती तर मी कशी केली असती, ते इथे लिहिते.

व्हिडिओतलं कूपन इथे चालत नाही

मोबाईलवर अमेरिकेतल्या बायकांचे व्हिडिओ दिसतात. ट्रॉली भरून सामान आणि बिल जवळपास शून्य. ते सगळंच खोटं नसतं, पण तिथली रीत वेगळी आहे. तिथे कंपनी कूपन छापते आणि रविवारच्या वर्तमानपत्राबरोबर घरोघर पाठवते. दुकानदार ते बिलात धरतो आणि नंतर कंपनीकडून तेवढे पैसे, वर हाताळणीचे काही सेंट, वसूल करतो. त्यामुळे दुकानाची सूट आणि कंपनीचं कूपन एकावर एक बसतं. आपल्याकडे प्रत्येक पाकिटावर एमआरपी छापलेली असते. ग्राहकाला काही द्यायचं असलं तर कंपनी एमआरपीच कमी छापते, वीस ग्रॅम जास्त घालते, डब्याला चमचा बांधते, नाहीतर दुकानदाराला ‘स्कीम’ देते.

कात्रीचं कूपन आपल्याकडे वर्तमानपत्रांनी चालवलं. रोज एक चौकोन कापायचा, छापील तक्त्यावर चिकटवायचा, ठरलेली संख्या भरली की भेटवस्तू. आमच्या घरी डिंकाऐवजी भाताची शितं लावायचे. एका वर्षी तक्ता कपाटावर राहिला आणि झुरळांनी शितांसकट अकरा कुपनं खाल्ली. भेटीचा लेमन सेट गेला. सासूबाई अजून ती गोष्ट काढतात.

तेव्हा आपल्याकडे कूपन म्हणजे नुसता कागदाचा तुकडा नाही. ॲपमध्ये टाकायचा कोड, वेष्टनाच्या आत छापलेला नंबर, बिलामागे मिळणारे पॉइंट, कार्डावरची सूट, यूपीआयचं स्क्रॅच कार्ड आणि दुकानदाराची स्कीम, हे सगळं त्यात धरायचं.

पहिला महिना एकही कूपन वापरू नका

हे वाचून नाराज व्हाल, पण माझे सहा महिने इथेच वाया गेले. शंभर पानी वही घ्या. घरात दरमहा लागतातच अशा पंचवीस-तीस वस्तू लिहा: तांदूळ, तूरडाळ, तेल, साखर, चहापूड, कपड्याचा साबण, टूथपेस्ट, भांड्याचा बार. प्रत्येक वस्तूपुढे चार रकाने. माझ्या वहीत ते असे आहेत: गल्लीतलं दुकान, बेळगावची रविवार पेठ, सुपरमार्केट, ॲप. निपाणीकरांनी पाचवा रकाना कोल्हापूरचा करावा. चाळीस किलोमीटरचाच पल्ला आणि येणंजाणं असतंच. बेळगावातून नुसत्या सुटीसाठी कोल्हापूर गाठणं म्हणजे चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.

वहीत पाकिटाची किंमत लिहायची नाही, दर लिहायचा. किलोला किती, लिटरला किती, साबणाच्या वडीचं असेल तर शंभर ग्रॅमला किती. कंपन्या आता मनाला येईल त्या वजनाची पाकिटं काढतात. काल शंभर ग्रॅमची असलेली वडी आज नव्वदची निघते आणि किंमत तीच. आता पाकीटबंद मालावर एमआरपीबरोबर एकक दरही छापावा लागतो, म्हणजे ग्रॅमला किंवा किलोला किती रुपये पडले ते. एमआरपीच्या आसपास बारीक अक्षरात असतो. चष्मा लावून शोधा. फक्त एवढं लक्षात ठेवा की तो एमआरपीवरून काढलेला असतो. तुम्हाला सूट मिळाली तर भागाकार तुम्हालाच करायचा आहे.

दोन उदाहरणं घेऊ. आकडे समजा म्हणून घेतलेत, तुमचे तुम्ही घाला. चहापूड २५० ग्रॅम १४५ रुपये, म्हणजे किलोला ५८०. अर्ध्या किलोचं पाकीट २७० ला, किलोला ५४०. एक किलोचा पुडा ५६० ला आणि त्यावर २० रुपयांचं कूपन, म्हणजे पुन्हा ५४०. कूपन लावून अर्ध्या किलोइतकाच दर पडला, आणि वर किलोभर चहापूड पावसाळ्यात सांभाळायची. त्या कुपनाला काही अर्थ नाही.

दुसरं शाम्पूचं. एक रुपयाच्या पुडीत पाच मिली धरलं तर मिलीला वीस पैसे. १८० मिलीची बाटली १५० रुपयांना, मिलीला ८३ पैसे. तिच्यावर ४० रुपयांची सूट मिळाली तरी ६१ पैसे. शाम्पूत लहान पुडी बाटलीपेक्षा स्वस्त पडते, हे आपल्याकडे नेहमी दिसतं. मोठं पाकीट स्वस्त हा समज म्हणून प्रत्येक वस्तूला तपासायचा. इतक्या लहान पुडीवर एकक दर छापलेला नसतो, तो वहीतच काढावा लागतो.

वही जुनी असेल तर एक दुरुस्ती करा. २२ सप्टेंबर २०२५ पासून अंगाचा साबण, शाम्पू, टूथपेस्ट, केसाचं तेल यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ वर आला. ११८ रुपयांची वस्तू त्या हिशेबाने १०५ ला पडायला हवी, म्हणजे अकरा टक्के कमी. जुन्या एमआरपीवर ‘१० टक्के सूट’ म्हणून कोणी हीच वस्तू विकली तर त्याने पदरचं काहीच दिलेलं नाही. त्या तारखेआधीचे दर वहीत असतील तर त्यांवर काट मारा.

कुपनं सापडतात कुठे

सगळ्यात जवळचं कूपन गल्लीतल्या दुकानात असतं आणि ते कुठेही छापलेलं नसतं. कंपनीचा माणूस दुकानदाराला डझनामागे एक, पेटीमागे दोन अशी स्कीम देऊन जातो. ती ग्राहकापर्यंत येते का, हे विचारण्यावर आहे. मी विचारते.

“अण्णा, कपड्याच्या साबणावर स्कीम काय चाललीय?”

“डझनावर एक हाय की वैनी. खरं डझन घ्यायला लागतंय.”

“शेजारच्या ताई आन् मी मिळून घेतो. फुकटातली वडी आम्हाला देणार न्हवं?”

“घ्या की. तुम्हाला नाही म्हणून कुठं जातो मी?”

बारा वड्यांच्या पैशात तेरा, म्हणजे साडेसात टक्क्यांच्या वर सूट. ना ओटीपी, ना ॲप, ना मुदत. महिनाअखेरीला डिस्ट्रिब्यूटरचं टार्गेट असतं, तेव्हा स्कीम हमखास निघते. मात्र ज्याच्याकडे उधारीची वही आहे त्याच्याकडे हे मागणं जड जातं. रोख देणारी वैनी आणि उधारीची वैनी यांना अण्णा वेगवेगळं बोलतो, हे मी दोन्ही बाजूंनी अनुभवलंय.

वेष्टनाच्या आतले कोड हा दुसरा प्रकार. चहाचा पुडा, बिस्किटं, कपड्याची पावडर यांच्या आत कधी नंबर छापलेला असतो. तो कंपनीने दिलेल्या क्रमांकावर किंवा क्यूआर स्कॅन करून पाठवला की रिचार्ज, कॅशबॅक असं काहीतरी मिळतं. पाकीट फोडलं की आतली बाजू बघायची सवय लावा. मी कोड कापून बिस्किटाच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात टाकते आणि रविवारी दुपारी सगळे एकदम बघते. रोज एक पाठवत बसलं तर दिवस त्यातच जातो.

सुपरमार्केटचे पॉइंट आणि सभासद-सूट मोबाईल नंबरावर चालते. नंबर द्यायचा की नाही हे तुम्ही ठरवायचं. केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने मे २०२३ मध्येच दुकानांना कळवलं होतं की बिलासाठी मोबाईल नंबरचा आग्रह धरू नये. पॉइंट हवे असतील तर द्या, पण जाहिरातींचे मेसेज त्याबरोबर येणारच. मी घरातला एक जुना नंबर त्यासाठीच ठेवलाय. आणि पॉइंटांना मुदत असते. वर्षभर साठवून दिवाळीला काढू म्हणणाऱ्या कितीतरी जणींचे पॉइंट दसऱ्यालाच शून्य झालेत.

सगळीच दुकानं कूपन देत नाहीत, हेही माहीत हवं. डीमार्टसारख्या ठिकाणी रोजच एमआरपीपेक्षा कमी दर हाच धंद्याचा मार्ग आहे, तिथे कोड शोधत बसू नये. तिथला दर वहीत उतरवायचा आणि बाकीच्यांची कुपनं त्याच्याशी ताडून बघायची.

ॲपवरच्या किराण्याचं सगळं पिनकोडावर ठरतं. टिळकवाडीच्या ५९०००६ ला जे कूपन दिसेल ते खानापूरच्या ५९१३०२ ला दिसेलच असं नाही, आणि निपाणीच्या ५९१२३७ ला दर वेगळे असू शकतात. म्हणून पुण्याच्या भाचीने पाठवलेला कोड इथे ‘लागू नाही’ म्हणाला तर तिच्यावर चिडू नका. ॲप उघडल्यावर आधी पिनकोड, मग यादी टोपलीत, आणि सगळ्यात शेवटी कुपनांचं पान. उलट केलं की कूपन यादी लिहायला लागतं.

बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र असल्याने कितीतरी घरांत माजी सैनिक आहेत आणि त्यांच्याकडे लष्करी कॅन्टीनचं कार्ड आहे. तिथला साबण-टूथपेस्टचा दर बाहेरच्यापेक्षा बहुधा कमी असतो. घरात कार्ड असेल तर वहीत पाचवा रकाना कॅन्टीनचा करा. शेजाऱ्याचं कार्ड मागायला मात्र जाऊ नका. ते ज्याच्या नावावर आहे त्याच्या घरासाठीच असतं आणि गैरवापर झाला तर त्याचं कार्ड जातं.

एका गोष्टीवर कूपन शोधण्यात वेळ घालवू नका: बाळाच्या दुधाची पावडर आणि दुधाची बाटली. १९९२ च्या कायद्याने त्यांच्या विक्रीसाठी सूट, कूपन, भेटवस्तू देणंच बंद केलंय. आईचं दूध मागे पडू नये म्हणून तो कायदा आहे. कोणी त्यावर घसघशीत ऑफर दाखवली तर संशय घ्या.

अटी वाचायच्या त्या ह्या

कुपनाचा मोठा आकडा वाचून झाला की खालच्या बारीक ओळीतल्या पाच गोष्टी बघायच्या. किमान खरेदी किती, कमाल सूट किती, कोणत्या मालाला लागू नाही, पैसे कशाने द्यायचे आणि मुदत कधीपर्यंत. ‘१० टक्के कॅशबॅक, कमाल ५० रुपये’ याचा अर्थ पाचशेच्या वर कितीही खरेदी केली तरी मिळणार पन्नासच. ‘निवडक वस्तूंवर’ असं असेल तर बहुधा तेल, तूप, साखर, तांदूळ वगळलेले असतात, म्हणजे बिलाचा जाड भागच बाहेर राहतो. ‘एका ग्राहकाला एकदा’ म्हणजे एकदाच. सासूबाईंच्या, मुलीच्या नंबरावर नवी खाती काढून तेच कूपन पुन्हा लावलं तर खातं बंद होतं, आणि त्यात शिल्लक असलेली रक्कमही अडकते.

पाटी कानडीत असेल तर चार शब्द पाठ करून ठेवा. ‘रियायिति’ म्हणजे सूट. ‘उचित’ म्हणजे फुकट, हे आता तुम्ही विसरणार नाही. ‘कोनेय दिनांक’ म्हणजे शेवटची तारीख. आणि ‘षरत्तुगळु अन्वयिसुत्तवे’ म्हणजे अटी लागू. हा शेवटचा शब्द दिसला की थांबायचं आणि विचारायचं. लाजण्यासारखं त्यात काही नाही. काउंटरवरची मुलगी बहुतेक वेळा घरी मराठीच बोलणारी असते. नाहीच कोणी भेटलं तर मोबाईलचा कॅमेरा पाटीवर धरून भाषांतर करून घ्या. अक्षर तिरकं असेल तर ते भाषांतरही कधी गमतीचं येतं, आकडे तेवढे नीट येतात.

एक बिल सावकाश बघू

दुसऱ्या महिन्यात कुपनाची पहिली खरेदी करा, तीही एकाच ठिकाणी एकाच कुपनाने. एकदम चार ॲप उतरवून घेतलेल्या जणी महिन्याभरात कंटाळलेल्या मी बघितल्यात.

समजा यादीतला माल एमआरपीने १,४८० चा होतो. ॲपचा स्वतःचा दर १,३१०. कूपन आहे, १,२०० च्या वर १०० रुपये सूट. राहिले १,२१०. मग कार्डाची ऑफर, १० टक्के, कमाल ७५, किमान १,२०० भरले तर. इथे जपायचं. कार्डाची किमान रक्कम बहुधा कूपन वजा झाल्यावर उरलेल्या रकमेवर बघतात. आपले १,२१० आहेत, थोडक्यात बसलो. दहा टक्के म्हणजे १२१ होतात पण मिळणार ७५. राहिले १,१३५. शेवटच्या पानावर घरपोच आणण्याचे ३५ रुपये लागले, झाले १,१७०.

आता ॲप मोठ्या हिरव्या अक्षरात सांगेल की तुम्ही ३१० रुपये वाचवले. ते एमआरपीवरून मोजलेलं आहे. एमआरपीने तुम्ही तो माल कधी घेतच नव्हता. वही उघडा. हाच माल गल्लीत आणि रविवार पेठेत मिळून १,२९० ला आला असता. खरी बचत १२०. वाईट नाही. पण वहीत १,१५० निघाले असते तर तुम्ही वीस रुपये जास्त देऊन खूश झाला असता. बचत आपल्या नेहमीच्या दरावरून मोजायची, एवढी एक सवय लागली तरी निम्मी कुपनं आपोआप गळतात.

किमान खरेदी भरायला माल कमी पडत असेल तर काय? माझी यादी ६४० ची आणि कूपन ९९९ वर १००, असं नेहमी होतं. वरचे ३५९ रुपये भरायला मी एक वेगळी चिठ्ठी ठेवलीय, ‘भरतीचं सामान’. मीठ, टूथपेस्ट, भांड्याचा बार, कपड्याची पावडर, न फोडलेला चहा. महिन्या-दोन महिन्यांत लागणारच आणि खराब न होणारं. त्या चिठ्ठीत नसलेली वस्तू टोपलीत गेली की कुपनाने आपल्याला विकत घेतलं म्हणायचं. माझ्या घरात अजून एक नूडल्सचा मसाला पडून आहे, तो कशासाठी घेतला ते देवालाच माहीत.

दुकानात जाऊन घेणार असाल तर येण्याजाण्याचा खर्च बिलात धरायचा. इथे आपल्याकडे बायकांना एक फायदा आहे. ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत कर्नाटकातल्या रहिवासी बायकांना राज्याच्या साध्या सरकारी बसमध्ये तिकीट नाही. खानापुराहून किंवा हुक्केरीहून येणाऱ्या बाईचा बेळगावच्या बाजाराचा प्रवास शून्य रुपयांत होतो, तिच्या नवऱ्याचा होत नाही. आमच्या घरी तेव्हापासून ठराव आहे की सामानाला ह्यांनी एकट्याने जायचं नाही. ओझं उचलायला आले तर त्यांचं तिकीट बचतीतून वजा.

बिल झालं की काउंटरवरून हलायच्या आधी वाचा. मागे एका ठिकाणी फळीवरच्या कार्डावर तूरडाळीचा एक दर आणि बिलात किलोला १४ रुपये जास्त लागले. सांगितल्यावर त्यांनी लगेच दुरुस्त केलं. ऑफर संगणकात चढलीच नव्हती. घरी येऊन बघितलं असतं तर परत कोण गेलं असतं?

बेगमी करा, पण कॅलेंडर बघून

साठवण आपल्याला कोणी शिकवायला नको. उन्हाळ्यात संकेश्वरी आणि ब्याडगी मिरची घेऊन वर्षाचं तिखट करणारी घरं आपली. पण ती बेगमी उन्हाळ्यातली असते, आणि मोठ्या ऑफर येतात पंधरा ऑगस्टला, गणपतीला, दसरा-दिवाळीला. म्हणजे पहिल्या दोन ऐन पावसात. बेळगावचा पाऊस आणि खानापूर-जांबोटीकडचा तर बोलायलाच नको, डब्यातलं मीठसुद्धा रडतं.

माझी फजिती रव्याची. स्वातंत्र्यदिनाच्या ऑफरला एकावर एक म्हणून सहा किलो रवा आणला. तीन किलोच्या पैशात सहा, आनंद मावेना. गणपतीला मोदक-शिऱ्याचा बेत होताच. दोन किलो लागला. चौथीनंतर तिसऱ्या आठवड्यात डबा उघडला तर रव्याला जाळ्या, चाळणीत अळ्या वळवळताहेत. चार किलो रवा गेला. म्हणजे तीन किलोचे पैसे देऊन मी दोन किलो वापरला, दीडपट दराने. सासूबाई काही बोलल्या नाहीत, फक्त चाळणी धुवून उन्हाच्या तिरीपेत पालथी घातली.

तेव्हापासून जून ते सप्टेंबर रवा, मैदा, बेसन, गव्हाचं पीठ एका महिन्याच्या वर घ्यायचं नाही. रवा आणलाच तर लगेच कोरडा भाजून, गार करून बरणीत. डाळ-तांदूळ दोन महिन्यांचे, तेही दिवाळीनंतर ऊन दाखवून. साबण, टूथपेस्ट, कपड्याची पावडर सहा महिन्यांची चालतील, पण पावडर जमिनीपासून वर, नाहीतर दगड होतो. तेल दोन महिन्यांच्या पुढे मी ठेवत नाही, खवट वास येतो. आणि एकावर एक असलेल्या खाण्याच्या वस्तूची ‘पर्यंत वापरा’ तारीख आधी बघायची. मुदत संपत आलेला माल खपवायला अशी ऑफर बऱ्याचदा निघते. तारीख जवळ असून घरात तेवढ्या दिवसांत संपणार असेल तर खुशाल घ्या, त्यात फसवणूक काही नाही.

नवी पाकिटं मागे, जुनी पुढे. पाकिटावर स्केचपेनने आणल्याचा महिना लिहा. एवढंच.

कूपन नव्हे, जाळं

पोस्टाने जाड पाकीट येतं. आत चकचकीत स्क्रॅच कार्ड, घासलं की गाडी किंवा बारा लाख. फोन केला की ‘आधी टॅक्स भरा’. असली पाकिटं चुलीत घालायची. बक्षीस देणारा आधी पैसे मागत नाही. यूपीआयचं तर सरळ आहे. पैसे येताना पिन कधीच लागत नाही. ‘कॅशबॅक घ्यायला पिन टाका’ म्हटलं की पैसे तुमच्याकडून जाणार. गेलेच तर लाज न बाळगता लगेच १९३० ला फोन करा. पहिल्या तासाभरात केलेल्या फोनला फार किंमत आहे.

दर महिन्याला तीनशे भरा, लकी ड्रॉचं कूपन घ्या, नंबर लागला की पुढचे हप्ते माफ, अशा योजना गावोगाव फिरतात. ते कूपन नव्हे. अशा बक्षिसी चिठ्ठ्यांवर १९७८ पासून कायद्याने बंदी आहे. घेणारा माणूस ओळखीचा असतो, म्हणून नाही म्हणणं जड जातं, एवढाच त्यांचा धंदा.

आणि एक बारीक प्रकार. पाकिटावर ‘सोबत डबा मोफत’ छापलेलं असतं आणि डबा नसतो. तो काढून वेगळा विकलेला असतो. पाकीट उलटसुलट करून वाचा आणि नसेल तर तिथेच मागा. एमआरपीच्या वर मागितलं तरी तसंच. दुकानदार ऐकत नसेल तर बिल आणि पाकिटाचा फोटो घेऊन १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला कळवता येतं. ‘दुसऱ्या दुकानात सूट आहे, तुम्ही का देत नाही’ ही मात्र तक्रार होत नाही. एमआरपीपेक्षा कमी किती घ्यायचं ते दुकानदाराच्या मर्जीवर.

महिन्याअखेरीचा अर्धा तास

शेवटच्या रविवारी पत्र्याचा डबा आणि वही घेऊन बसायचं. मुदत संपलेले कोड टाकून द्यायचे. प्रत्येक बिलामागे खरी बचत किती ते वहीच्या मागच्या पानावर लिहायचं, आणि शेजारी त्या खरेदीला किती वेळ गेला तेही. तिसऱ्या महिन्यात माझ्या लक्षात आलं की एका ॲपने महिन्याला ४० रुपये वाचवले आणि त्यासाठी मी रोज रात्री पंधरा मिनिटं ते उघडून बसत होते. ते काढून टाकलं. कॅशबॅकची जी रक्कम त्याच ॲपमध्ये अडकून पडते आणि पुढच्या खरेदीवरच वापरता येते, ती मी बचतीत धरत नाही. हातात आली तर धरते.

सध्या माझ्याकडे एक ॲप, एक सुपरमार्केटचं सभासदत्व आणि अण्णाची स्कीम एवढंच उरलंय. तांदूळ रविवार पेठेतूनच, तिथे कूपन चालत नाही. पंचवीस किलोचं पोतं शेजारच्या ताईंबरोबर वाटून घेतो, अर्धं-अर्धं. मापाला त्यांच्याकडचा पितळी शेर आहे, आणि शेवटचा शेर कोणाच्या पिशवीत जायचा यावर दर वेळी थोडी घासाघीस होते.